'जमेल' हा शब्द कुठून येतो?

बेळगाव भागातल्या आपल्यासारख्या घरांत दोन्ही भाषा गुण्यागोविंदाने नांदतात. बाजारात कन्नड, देवघरात मराठी आणि भांडताना जी आधी सुचेल ती! त्यामुळे आपल्याला कन्नड येते, असेच मी समजत होते. मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागले, तेव्हा कळले की भाजीवालीशी बोलायचे कन्नड वेगळे आणि कार्यालयातले वेगळे. तिथे फाईलला 'कडत' म्हणतात आणि परिपत्रकाला 'सुत्तोले'.

कामाची माहिती होती, हिशेब चोख होता. तरीही साहेबांपुढे टिप्पणी ठेवायची म्हटले की तळहात ओले व्हायचे, छातीत धडधडायचे. रविवारी संध्याकाळीच सोमवारची धास्ती सुरू होई. "तुला सगळं येतं गं, घाबरतेस कशाला?" असे घरचे म्हणत. तेवढ्यापुरते बरे वाटे. सकाळी पुन्हा तेच.

शेजारच्या टेबलावर एक अक्का बसत. त्या कन्नड माध्यमाच्या; खेड्यांतून येणारे मराठी अर्ज हातात पडले की त्यांचाही जीव घाबरा होई. एक दिवस त्या म्हणाल्या, "नी बरी, ना नोडतीनी." तू लिही, मी बघते. मग रोज चार ओळींची एक टिप्पणी मी लिहू लागले. बदल्यात मराठी अर्ज त्यांना समजावून सांगू लागले. हळूहळू चार ओळींचे पान झाले. धडधड अजिबात होईना असे नाही. पण तिच्याकडे पाहून 'मला येत नाही' असे मी म्हणेनाशी झाले.

पुढे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचे विचार वाचनात आले. त्यांनी १९७७ साली मांडले, की 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेले पाहणे, कुणी दिलेला धीर आणि शरीरातल्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. त्यांत पहिली वाट सर्वांत भक्कम. नुसत्या धीराच्या शब्दांनी माझी धास्ती का जात नव्हती, ते तेव्हा उमगले.

आपल्या घरातही कुणी मुलगा, सून नव्याने नोकरीला लागली असेल. संध्याकाळी दमून आल्यावर "घाबरू नकोस" एवढेच सांगून थांबू नका. "आज कोणतं काम पुरं झालं?" असेही विचारा. काम लहान असले तरी चालेल. आणि झोप, भूकच उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जायला संकोच नको.