पिवळ्या विटांची वाट

१९३९ सालचा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा चित्रपट आपण कदाचित पाहिला असेल. कॅन्ससमधील डोरोथीचे तपकिरी जग ऑझच्या उंबरठ्यावर एकाएकी रंगांनी उजळते. आजारातून उठलेली माझी नात अन्नाला शिवत नव्हती. तिने मागितली ती ‘त्या विटांच्या वाटेसारखी पिवळी’ मॅकरोनी! लोण्यावर मैदा परतून दूध थोडेथोडे ओतले, तोवर सारे पांढरेफटक. मग पातेले विस्तवावरून उतरवूनच किसलेले चेडर चीज घातले. फार तापल्यास त्यातील प्रथिने आकसतात, स्निग्धांश सुटतो आणि सॉस कणीदार होतो. ढवळता ढवळता पिवळी झाक चढली. (असल्या चीजचा रंग बहुधा शेंद्रीच्या बियांचा असतो, तिला मात्र ते सांगितले नाही.) उकडलेली मॅकरोनी त्यात घोळवली. तिने अर्धी वाटी संपवली आणि उरलेली झाकून ठेवण्यास बजावले.