भडगांवची एक आखाजी

खानदेश पाहावयाचा तर वैशाखांत पाहूं नये, असें पुण्याचे लोक म्हणतात. आणि ज्यानें आखाजीला खानदेश पाहिला नाहीं त्यानें तो पाहिलाच नाहीं, असें खानदेशचीं माणसें म्हणतात. मी जन्मानें भडगांवचा व पोटासाठीं पुण्याचा. त्यामुळें दोन्ही मतें मला सारखींच पटतात. २०२५ सालच्या अक्षय्य तृतीयेस मी बारा वर्षांनीं घरीं गेलों, त्या चार दिवसांची ही हकीकत आहे. प्रवासवर्णन म्हटलें कीं त्यांत दुर्ग, देवळें, धबधबे असावे अशी वाचकांची अपेक्षा असते. येथें त्यांपैकीं कांहीं नाहीं. एक कोरडी नदी, एक ओसाड पटांगण आणि एक जुनी मोटार, एवढाच ऐवज मजजवळ आहे.

चाळीसगांव सोडलें कीं आगगाडीच्या दोन्ही बाजूंस काळी जमीन पसरते. कपाशी निघून गेलेली असते, उन्हानें भेगा पडलेल्या असतात, आणि मधूनच एखादा केळीचा मळा हिरव्या ठिगळासारखा दिसून नाहींसा होतो. मी पाचोऱ्यास उतरलों. लहानपणीं येथें जामनेरची अरुंद रुळांची लहान गाडी उभी असे. तिच्यांत बसण्यासाठीं आम्ही मुलें हट्ट धरीत असूं. ती २०२० सालीं बंद पडली. बाहेर रिक्षावाल्यानें “कथा जानं शे, बाबा?” असें विचारलें, आणि त्या एका ‘शे’नें माझीं बारा वर्षें पुसून टाकलीं.

भडगांव गिरणेच्या कांठीं वसलें आहे. ही नदी नाशिक जिल्ह्यांत सह्याद्रींत उगम पावते व जळगांव जिल्ह्यांत तापीस मिळते. १८७२ सालीं हिला व धुळ्याच्या पांझरेला एकदम महापूर आला. त्या पुराच्या कथा आमची आजी स्वतः पाहिल्यासारखी सांगे, जरी तिचा जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं झाला होता. वैशाखांत मात्र त्याच नदीचें पात्र म्हणजे वाळूचा लांबच लांब पट्टा. अशा या कोरड्या दिवसांतच खानदेशचा सर्वांत ओला सण येतो. सासुरवाशिणी माहेरीं येतात, निंबाला झोके बांधले जातात, पितरांसाठीं पाण्यानें भरलेली घागर मांडून तिची पूजा होते. सांजोऱ्या, आमरस, खापरावरचे मांडे यांची घरोघर धांदल असते. आमच्या घरीं त्या दिवशीं लहानमोठीं मिळून सत्तावीस पानें उठलीं.

त्या घरच्या मागल्या पडवींत, गोणपाटाखालीं, गेलीं चव्वेचाळीस वर्षें एक मोटार उभी होती, आणि तिच्याकडे न पाहतां विहिरीवर जाण्याची मला संवय झालेली होती.

ती मोटार म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. इंग्लंडांत १९५९ सालीं ट्रायम्फ कंपनीनें ही गाडी काढली. मिकेलॉट्टी नांवाच्या इटालियन आरेखकानें तिची आकृति रेखाटली होती. १९६१ पासून ती मद्रासेस तयार होऊं लागली. हिचाच सांगाडा आंखूड करून १९६२ सालीं विलायतेंत ‘स्पिटफायर’ नांवाची दोन आसनांची शर्यती गाडी निघाली, म्हणून आमची हेरल्ड ही एका नामांकित क्रीडामोटारीची मोठी बहीण होय. मद्रासजवळ शोलावरम् येथें महायुद्धकाळच्या धांवपट्टीवर ज्या शर्यती होत, तेथेंहि हेरल्ड धांवल्या आहेत. हिचा विशेष गुण असा कीं ही पंचवीस फुटांच्या वर्तुळांत पुरी वळते. आमच्या तात्यांनीं १९६९ सालीं धुळ्याच्या एका डॉक्टरांकडून ती जुनी विकत घेतली, तेव्हां भडगांवच्या अरुंद गल्ल्यांतून ती वळवून दाखविण्यांत त्यांना लहान मुलासारखा आनंद वाटे.

१९८१ च्या आखाजीस मी बावीस वर्षांचा होतों. धाकटी बहीण माई जळगांवास शिकत असे. तिला आणावयास मीं पाचोऱ्याच्या स्टेशनावर गाडी नेली. परत येतांना रस्ता मोकळा होता, आणि आपण किती वेगानें जाऊं शकतों हें बहिणीला दाखविण्याची मला हौस आली. एका वळणावर वेग जास्त झाल्याचें ध्यानांत येतांच मीं घाबरून पाय उचलला व ब्रेक दाबला. गाडीची मागली बाजू एकाएकीं बाहेर फेंकली गेली आणि आम्ही बाभळीवर आदळलों. मला ओरखडाहि आला नाहीं. माईचा उजवा कोंपर मोडला. तो पुढें कधीं पूर्ण सरळ झाला नाहीं, आणि जी सतार ती सहा वर्षें शिकत होती ती कायमची भिंतीला लागली. त्याच सुटींत तात्या तिला मोटार चालविण्यास शिकविणार होते. तात्यांनीं गाडी दुरुस्त करविली, पडवींत आणून लावली, किल्ली देवघरांत ठेवली, आणि मरेपर्यंत मला एका शब्दानें बोलले नाहींत. ते रागावले असते तर बरें झालें असतें, असें मला अनेकदां वाटलें. त्या दिवसापासून मीं कोणतेंहि वाहन हातांत धरलें नाहीं.

आतां ही गाडी बाहेर निघाली ती माझ्या पुतण्यामुळें. तो अमेरिकेंत नोकरीस असून त्याला तेथें ‘ऑटोक्रॉस’ या खेळाचा नाद लागला आहे. त्याच्यापाशीं माझ्दा मिआटा ही १९८९ सालीं प्रथम निघालेल्या जातीची जुनी, हलकी, उघड्या टपाची गाडी आहे. आखाजीच्या आदल्या रात्रीं अंगणांत बाजा टाकून आम्ही बसलों असतां त्यानें खेळाची रीत समजावून सांगितली. एखादें मोठें, रिकामें पटांगण किंवा जुनी धांवपट्टी घ्यावयाची. तीवर रबरी शंकू मांडून नागमोडी, अरुंद वाट आंखावयाची. आणि एका वेळीं एकाच गाडीनें ती वाट कमींत कमी वेळांत पुरी करावयाची. शेजारीं दुसरी गाडी नसते, त्यामुळें टक्कर नाहीं. वाट इतकी वळणांची असते कीं वेग सडकेवरल्या वेगाच्या फारसा पुढें जात नाहीं. प्रत्येक शंकूभोंवतीं खडूनें रेघ काढलेली असते. धक्का लागून शंकू पडला किंवा त्या रेघेबाहेर सरकला, तर वेळेंत दोन सेकंद वाढवितात. वाट चुकली तर तो फेराच बाद. अमेरिकेंतील क्रीडामोटारींचा मोठा संघ १९४४ सालीं निघाला, आणि या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा तो १९७३ पासून भरवीत आला आहे.

“आणि पडलेले शंकू उचलतो कोण?” दादांनीं विचारलें.

“आम्हीच, बाबा. ज्याचा फेरा नसेल त्यानें उन्हांत उभें राहून दुसऱ्याचे शंकू सरळ करावयाचे. डॉक्टर असो कीं मिस्त्री असो, पाळी कोणाला चुकत नाहीं.”

हें दादांना फार आवडलें. दादा जन्माचे शेतकरी. तरुणपणीं त्यांनीं बैलांच्या शर्यती पुष्कळ पाहिलेल्या. पुण्याकडच्या घाटांत बैलगाडा एकटाच घड्याळाविरुद्ध धांवतो, तसाच हा प्रकार, हें त्यांनीं लगेच ताडलें. त्या शर्यतींवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्यें अटींसह त्या पुन्हां सुरू झाल्या व मे २०२३ मध्यें घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला, हा सर्व इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. “बैलाच्या शेपटीला पिळा न घालतां शर्यत होत असेल तर ती पाहिली पाहिजे,” असें म्हणून ते उठले, देवघरांत गेले आणि किल्ली आणून पुतण्याच्या हातावर ठेवली. गाडी चालू स्थितींत असल्याचें मला तेव्हां कळलें. बापलेकांनीं दोन वर्षें गुपचूप पत्रव्यवहार करून ब्रेकचीं रबरें विलायतेहून मागविलीं होतीं. गांवच्या वृद्ध मिस्त्रीनें टांकी धुऊन, कार्बुरेटर खोलून इंजिन जागें केलें होतें. आसनांना नवे पट्टेहि बसविले होते.

गांवाबाहेर एका स्नेह्यांचें सरकीचें जीन आहे. हंगामांत तेथें कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. वैशाखांत त्याचें कठीण, सपाट पटांगण ओस पडलेलें असतें. आखाजीच्या दुसऱ्या दिवशीं, ऊन तापण्यापूर्वीं, साडेपांचलाच आम्ही सारे तेथें पोहोंचलों. शंकू कोठून आणावे हा प्रश्न वहिनींनीं सोडविला: गेरूनें रंगविलेल्या बांबूच्या तेवीस टोपल्या पालथ्या घातल्या. माहेरवाशिणींनीं प्रत्येक टोपलीभोंवतीं रांगोळीचें वर्तुळ रेखलें. एकीनें संवयीनें कमळहि काढलें, तें पुतण्यानें राहूं दिलें. घड्याळ दादांच्या हातांत. मिस्त्री दोन बादल्या पाणी घेऊन उभा.

आधीं सर्वांना पायीं वाट चालावयास लावलें. हा नियमच आहे म्हणे. जो वाट चालत नाहीं तो ती चालवीतहि नाहीं. पुतण्या पुढें, मी मागें. तो सांगत होता: “काका, जवळच्या टोपलीकडे पाहूं नका. तिच्याकडे पाहाल तर तिच्यावरच जाल. पुढल्या वळणाकडे पाहा. वेग वळणापूर्वीं कमी करावयाचा. वळणांत शिरल्यावर नाहीं. या गाडीच्या बाबतींत तर मुळींच नाहीं.”

“या गाडीच्या कां?”

त्यानें मला गाडीमागें बसवून दाखविलें. हेरल्डच्या मागल्या चाकांचे आंस मध्यभागीं बिजागरीसारखे जोडलेले असतात. भर वळणांत एकाएकीं पाय उचलला किंवा ब्रेक दाबला कीं भार पुढें जातो, मागली बाजू उचलली जाते, बाहेरील चाक आंत दुमडतें व त्याची जमिनीवरील पकड सुटते. “घाबरलेला मनुष्य जें करतो नेमकें तेंच या गाडीला चालत नाहीं,” तो म्हणाला. त्याला १९८१ ची हकीकत ठाऊक होती कीं नाहीं, तें मीं विचारलें नाहीं. चव्वेचाळीस वर्षें मी त्या क्षणाला दैव म्हणत आलों होतों, कधीं पाप म्हणत आलों होतों. तो एका आंसाचा व एका घाबऱ्या पायाचा हिशेब होता. दोष त्यानें कमी झाला नाहीं, कारण वेग माझाच होता. पण ज्याचा हिशेब लागतो तें दुःख उचलण्याजोगें होतें, एवढें खरें.

पुतण्यानें एक्केचाळीस सेकंदांत फेरा केला; टोपली एकहि हलली नाहीं. भाच्यानें तीन टोपल्या चिरडल्या व सर्वांना हंसविलें. मग पुतण्यानें शिरस्त्राण माझ्यापुढें धरलें. मी नको म्हणणार, तोंच माई दुसरें शिरस्त्राण घालून बाजूच्या आसनावर जाऊन बसली.

“माई, तूं उतर,” मी म्हणालों.

“अण्णा, त्या दिवशींचा फेरा पुरा व्हावयाचा राहिला आहे,” ती म्हणाली, आणि तिनें वांकड्या हातानें पट्टा लावून घेतला.

मी निघालों. पहिल्या चार टोपल्या मला दिसल्याच नाहींत. बाभूळच दिसत होती. मग कानाशीं माईचा शांत आवाज आला, “पुढें पाहा.” पुढें पाहिलें. वळणाआधीं ब्रेक, मग चाक, मग हलकेच पेट्रोल. गाडीचें नाक टोपलीभोंवतीं असें वळलें, जसें तात्या गल्लींत वळवीत. शेवटच्या फाटकांतून बाहेर पडलों तेव्हां दादांनीं अठ्ठावन्न सेकंद व एक टोपली, म्हणजे साठ, असें जाहीर केलें. माझे हात कांपत होते.

“आतां तूं इकडे बस,” माई म्हणाली.

मी अर्थ न कळून बाजूला सरकलों. ती चाकामागें बसली, आसन पुढें ओढलें, आणि ज्या सहजतेनें तिनें गिअर टाकला ती एका दिवसाची नव्हती. बावन्न सेकंद, टोपली शाबूत, कमळासुद्धां. ती उतरली तेव्हां मी तिच्याकडे नुसता पाहात राहिलों.

“चाळिसाव्या वर्षीं शिकलें, नाशकास,” ती म्हणाली. “बावीस वर्षें चालवितें आहें. तूं घरीं आलास कीं किल्ली लपवून ठेवीत असें. तुला कसें सांगावें तेंच कळेना.”

तात्यांचें मौन मला शिक्षा वाटत आलें होतें; माईचें मौन मला ठाऊकच नव्हतें. कुटुंबांत माणसें एकमेकांस दुखवूं नये म्हणून किती वाटा टाळतात, आणि टाळलेल्या वाटा किती वर्षें तशाच पडून राहतात, हें त्या पटांगणांत, पालथ्या टोपल्यांच्या मध्यें उभें राहून मला प्रथम कळलें.

आठ वाजतां ऊन असह्य झालें. माझी पाळी टोपल्या गोळा करण्याची होती. मीं तेवीसहि गोळा केल्या, चिरडलेल्या तीन धरून. घरीं आल्यावर दादांनीं किल्ली देवघरांत न ठेवतां दाराजवळच्या खुंटीला अडकविली. तिसऱ्या प्रहरीं माईनें भिंतीवरची सतार उतरवून भाचीच्या मांडीवर दिली व तारा लावून देऊं लागली. हात वांकडा असला तरी कान सरळ होता.

परतीच्या दिवशीं पाचोऱ्याच्या स्टेशनावर मला पोंचवावयास हेरल्डच आली. नव्यानें तिचे सरकारी कागद होईपर्यंत तिला सडकेवर आणतां येत नाहीं, म्हणून ती मिस्त्रीच्या मालवाहू गाडीवर बांधलेली होती. तिला तशीच पुढें जळगांवास तपासणीला न्यावयाचें होतें. माई व मी पुढें मिस्त्रीजवळ दाटीनें बसलों होतों. त्या वळणावर बाभूळ आतां नाहीं. रस्ता रुंद झाला, तेव्हां ती तोडली गेली असावी. माईनें ती जागा बोटानें दाखविली आणि आम्ही दोघेंहि पुढें पाहूं लागलों.