मिठाची पोती

आमच्या दारव्ह्याकडे मे महिना म्हणजे मोकळं रान. फरदड वेचून संपलेली, पऱ्हाटी उपटून बांधावर रचलेली, काळी माती उन्हात तडकलेली. मिरगाला अजून अवकाश. वर्षातून हेच काय ते तीन-चार आठवडे शेतकऱ्याच्या घराला कुलूप लावता येतं. ज्या दिवसांत हौशी प्रवासी ऐतिहासिक शहरांकडे फिरकत नाहीत, तिथले दुकानदार ज्याला पडता हंगाम म्हणतात, तोच आमचा एकमेव हंगाम. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, मी दोनदा पाहिलं ते मे महिन्यातच.

पहिल्यांदा २००८ साली, आईसोबत. माझं लग्न ठरलं होतं. बस्ता यवतमाळलाच बांधायचा, पण एक पैठणी मात्र तिकडून आणायची, असं आईच्या मनात होतं. कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा, जालना अशी रात्रभर एसटी धावली आणि पहाटे आम्ही उतरलो. स्थानकाबाहेर रिक्षांची लांब रांग आणि उतारू बोटांवर मोजण्याइतके.

आई काही भोळी नव्हती. अडत्याच्या काट्यावर कापूस मोजताना कडता किती धरला, हे ती लांबून ओळखायची. बैलबाजारात रुमालाखाली चाललेले बोटांचे सौदे तिने लहानपणापासून पाहिले होते. बैलबंडी भाड्याने घ्यायची असली तरी तिचं एकच सांगणं असे, “पयले इचार, मंग बैस.” पण त्या पहाटे रिक्षावाल्याने तिची पिशवी हातात घेतली आणि तो म्हणाला, “माई, मी तुमच्या लेकासारखा. पैशाचं काय, द्या खुशीनं.” परगावात कुणी माई म्हणून हाक मारली आणि आई विचारायचं विसरली.

सकाळी देवगिरीचा किल्ला पाहिला. दुपारी तो आम्हाला एका ‘कारखान्यात’ घेऊन गेला. दारातच हातमाग, त्यावर एक म्हातारे विणकर, समोर अर्धवट विणलेला मोर. आई मागाजवळ हात जोडून उभी राहिली. मग आतली खोली, थंड सरबत, पांढऱ्या गादीवर उलगडत जाणारे पदर. “हंगाम नाही म्हणून हा भाव. मालक उद्या येणार, मग हा भाव राहणार नाही.” कापसाच्या पैशांतले अकरा हजार आईने पदराच्या गाठीतून सोडून मोजले.

घरी आल्यावर नात्यातल्या एका जाणत्या बाईने पदर नुसता उलटा केला. मोराच्या पाठीमागे कापलेल्या धाग्यांची दाटी होती. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत पदरावरची नक्षी एकेका रंगाचा धागा हाताने गुंतवून विणतात, म्हणून ती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे राहतात. दारातला माग खरा होता, विणकर खरे होते, गादीवरचा माल मात्र दुसराच होता. एवढं साधं आम्ही पाहिलं नव्हतं. ‘सिल्क मार्क’, ‘हँडलूम मार्क’ अशा खुणा असतात, पक्कं बिल मागायचं असतं, हेही नाही.

आई काही बोलली नाही. तिने ती पैठणी घडी करून पेटीच्या तळाशी ठेवली. मला पुढे अनेक वर्षं सलत राहिलं ते मात्र अकरा हजारांहून मोठं होतं. त्या प्रवासाचा विषय निघाला की आई फक्त त्या दुकानाबद्दल बोलायची. देवगिरीचा खोल कातीव खंदक, चांद मिनार, गडाच्या पोटातली ती ‘अंधारी’ नावाची काळोखी वाट, जिथे ती लहान पोरीसारखी हसली होती, सगळं जणू तिने पाहिलंच नव्हतं. पैसे पुढच्या पिकाला भरून निघाले. बिनपाण्याच्या तालुक्यात जन्म काढलेल्या बाईने आयुष्यात एकदा पाहिलेलं शहर मात्र तिच्यापाशी राहिलं नाही. फसवणारा खरी चोरी करतो ती ही.

दुसऱ्यांदा गेले ती २०२४च्या मे महिन्यात, माझ्या लेकीला घेऊन. या वेळी तयारीने गेले. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी, हे वहीत लिहून घेतलं होतं. त्यामुळे बुधवारी सकाळी “आज वेरूळ बंद आहे, दुसरीकडे नेतो” असं कुणी सांगितलं तेव्हा वाद घालावा लागला नाही. तिकीट फक्त खिडकीवर किंवा पुरातत्त्व खात्याच्या ऑनलाइन सोयीतून काढायचं. वाटाड्या हवा असेल तर त्याचं सरकारी ओळखपत्र पाहायचं. अजिंठ्याला खाजगी गाड्या फर्दापूरच्या फाट्याशीच थांबतात आणि पुढे बसने जावं लागतं, तेव्हा ‘थेट लेण्यांपर्यंत सोडतो’ या बोलीला भुलायचं नाही. वाटेत कुणी चमकता दगड ‘भेट’ म्हणून हातात ठेवला, तर तो नम्रपणे परत करायचा. त्या भेटीची वाट दुकानातच जाते. आणि एवढं करूनही फसलोच तर गप्प बसायचं नाही, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

रिक्षात बसण्याआधी आईचं वाक्य आठवलं. जायचं-यायचं, थांबायचं, वाटेत दुकान नाही, असं सगळं मिळून किती, ते विचारलं. रिक्षावाले काका म्हणाले, “बरं झालं ताई, आधीच बोललात. सकाळपासून बोहनी नाही.” त्या एका वाक्यात मला पडत्या हंगामाचं दुखणं कळलं. जिथे दहा गिऱ्हाइकांवर दिवस निभतो, तिथे मे महिन्यात एकच येतं आणि दहांचा भार त्या एकावर टाकायचा मोह होतो. आमच्या गावात दुष्काळाच्या वर्षी माणसं कशी वागतात ते मी पाहिलं आहे; पोट रिकामं असलं की काही जण वाकडे होतात आणि बरेच जण तरीही सरळ राहतात. आधी भाव विचारणं म्हणजे त्या सरळ माणसाला सरळ राहायला जागा करून देणं. मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी लेकीचं नाव विचारलं. दिवसभर मग आम्ही गिऱ्हाईक उरलो नाही.

बीबी का मकबऱ्याच्या दारावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता, अशी नावं आहेत. सतराव्या शतकातलं काम, आणि ते कुणी केलं हे आजही दारावरच वाचता येतं. ज्याला आपल्या कामाचा भरवसा असतो तो नाव लपवत नाही. दुकानात शिरताना मी आता पहिल्यांदा पाटीवरचं नाव आणि बिलावरचं नाव एकच आहे का, ते पाहते.

मग देवगिरी. यादवांच्या या राजधानीवर १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी चालून आला. सोबत फौज थोडीच होती. पण मागून दिल्लीचं प्रचंड सैन्य येत आहे, अशी हूल त्याने उठवली. न पाहिलेल्या सैन्याची धास्ती गडावर आधी पोचली. आणि वेढा पडल्यावर धान्य म्हणून घाईघाईने गडावर चढवलेली पोती उघडली, तर त्यांत मीठ निघालं, असं सांगतात. रामदेवरायांना तह करावा लागला. खंदकावरच्या पुलावर उभी राहून लेकीला ही गोष्ट सांगताना माझाच आवाज अडखळला. “मालक उद्या येणार, मग हा भाव राहणार नाही.” तीच हूल होती ती. आणि आम्हीही पोतं उघडून पाहिलं नव्हतं. एवढ्या बेलाग गडाला जे साधलं नाही, ते एका शेतकरी बाईला साधलं नाही, म्हणून तिने सोळा वर्षं स्वतःला का बोल लावावा?

अंधारीत शिरलो. वळणावळणाची, कातळात कोरलेली काळोखी वाट. शत्रूने इथे चकावं, ठेचकाळावं, आपल्याच माणसावर वार करावा, यासाठी ती खोदलेली. वटवाघळांचा उग्र वास, उंच-सखल पायऱ्या. लेकीने माझा हात घट्ट धरला. पुढे चाललेला एक पहारेकरी न विचारता थांबला, त्याने बॅटरीचा झोत आमच्या पायांशी धरला आणि शेवटच्या पायरीपर्यंत तसाच ठेवला. मी पैसे पुढे केले, तेव्हा तो नुसता हसला आणि खाली उतरून गेला. सावध राहायचं ते हा उजेड नाकारण्यासाठी नाही. सगळ्यांकडे संशयाने पाहिलं असतं तर हा माणूस मला दिसलाच नसता.

गावी परतल्यावर आईच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. पोत्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ती उठून बसली.

“मीठच निंगालं?”

“हो.”

“राजाच्या गडावर?”

“हो, आई.”

ती बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “त्या अंधारात तुह्या बांगड्या मह्या हाताले रुतल्या होत्या. मी सोडलाच नाही तुहा हात.”

सोळा वर्षांनी आई देवगिरीबद्दल बोलत होती. लेक तिच्याजवळ सरकली आणि विचारू लागली, “आजी, मग पुढे काय झालं?”