फरारी अळीचा तपास

दावणीतून सुटलेले जनावर कोणत्या दिशेस शोधावे हे बहुधा त्याच्या भुकेवरून ठरते; परंतु रेशीम अळी ही अशी विलक्षण पाळीव जात आहे की, ती भुकेली असता कोठेच जात नाही, आणि जेव्हा जाते तेव्हा तिची भूक कायमची संपलेली असते. ही एक गोष्ट ज्याने ध्यानात घेतली, त्याला घरात शिरलेल्या अळीपायी पेट्या उपसाव्या लागत नाहीत.

परभणी जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीन यांच्या पंक्तीस तुती येऊन बसली, येथील कृषी विद्यापीठात रेशीम संशोधनाची स्वतंत्र योजना चालू लागली, आणि घरालगत पत्र्याचे संगोपनगृह असणे ही आमच्या पूर्णाकाठी नवलाई राहिली नाही. आमच्याकडे तर दोहोंमध्ये एकच सामाईक भिंत व तीत एक दार असून, त्या दाराने माणसांची, पाट्यांची आणि क्वचित अळ्यांचीही आवकजावक होत असते.

अंड्यातून निघाल्यापासून चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेच्या अखेरीस पोचेपर्यंत अळीस सुमारे पंचवीस दिवस लागतात. या मुदतीत ती स्वतः होऊन हद्द ओलांडीत नाही. हजारो वर्षे माणसाच्या हातून पाला खाता खाता तिची शोधवृत्तीच लोप पावली आहे, इतकी की, पाला वीतभर दूर राहिला तरी ती जागीच सुकत बसेल. म्हणून या दिवसांतील फरारी म्हणजे वस्तुतः कोणीतरी उचलून नेलेली अळी होय. खाऊन उरलेल्या फांद्यांबरोबर ती शेळ्यांपुढे वा उकिरड्यावर जाते, नाहीतर सदऱ्याच्या बाहीला चिकटून थेट माजघरात येते. तेव्हा तपास अळीचा न करता माणसांच्या येण्याजाण्याचा करावा.

पक्व अळीची गोष्ट निराळी. तारुण्य टिकविणारा संप्रेरक रस शरीरात ओसरला की ती खाणे सोडते, पिवळसर व पारदर्शक दिसू लागते, मान उंचावून डोके डोलविते, आणि आजवर न हिंडलेली ती एकाएकी वाट धरते. चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठीच्या चौकटीवर, ठेवण्यास उशीर झाला तर ती रॅकच्या खांबावरून भिंतीस लागते. तिला आता हवा असतो एक अंधुक, कोरडा कोपरा, जेथे धागा दोन-तीन बाजूंना टेकविता येईल. आणि ती सहसा वरच चढते. कॅलेंडरची मागची बाजू, देव्हाऱ्याची कड, वाशाची खाच, खुंटीवरच्या कोटाचा खिसा एवढ्या मुलखाची झडती पुरेशी होते. जमीन चाचपडणारे लोक मला नेहमीच उतावळे वाटत आले आहेत.

सापडलेली अळी पाठीकडून धरून ओढू नये; तिच्या मांसल पायांची पकड चिवट असते आणि ओढाताणीत कातडी फाटते. तिच्या पुढ्यात कागद धरावा, ती आपण होऊन चढते. मात्र तिला मूळ बिछान्यात परत घालू नये, कारण बाहेरचा संसर्ग तिच्याबरोबर आत येऊ शकतो. तिची चंद्रिका वेगळी असावी. धागा सुरू झाला असेल तर हात लावूच नये. सुमारे हजार मीटरचा तो अखंड धागा दोन-तीन दिवसांत पुरा होतो, मध्येच हलविल्यास पदरी पोचट कोष पडतो. तोवर त्या खोलीत डासांची अगरबत्ती लावावयाची नाही, आणि तंबाखूचा हात धुतल्यावाचून कोणी जवळ जावयाचे नाही, हा आमच्या घरचा कायम हुकूम आहे. पुरुषमंडळी तो कुरकुरत पाळतात.

घरातून सुटलेला कीटक किती अनर्थ करू शकतो याचा दाखला अमेरिकेत आहे. त्रुव्हेलो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने रेशमाच्या नादाने युरोपातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्या 1868-69 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे त्याच्या घरून निसटल्या, वीस वर्षांत त्या गावाची झाडे निष्पर्ण झाली, आणि तेथील अरण्यांना तो उपद्रव अद्यापि भोवतो आहे. तुतीच्या अळीपासून असे भय नाही. तिच्या पतंगाला उडता येत नाही, खाता येत नाही, आठवडाभराचे आयुष्य. भय आहे ते घरातल्या घरात. पेब्रिन हा रोग आईकडून अंड्यांत उतरतो. 1865 साली दक्षिण फ्रान्समधील आलेस येथे जाऊन पाश्चरने या रोगाचा छडा लावला, आणि मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून मगच तिची अंडी वापरण्याची पद्धत घालून दिली. फरारी मादीची अशी तपासणी कोणी केलेली नसते.

म्हणून कोनाड्यातला कोष सहाव्या दिवशी काढून बाकीच्यांबरोबर पूर्णा येथील बाजारात न्यावा, हे माझे मत. आमच्या आजीला ते मान्य नाही. जी स्वतः सुटून आली तिला तरी तिचा जन्म पुरा करू द्यावा, असे तिचे म्हणणे, आणि पतंगाला मोकळे सोडण्याजोगे बाहेर कोणतेच जग उरलेले नाही हा माझा युक्तिवाद तिने आजवर ऐकून घेतलेला नाही. अखेर तडजोड अशी झाली आहे: असा एखादा कोष झाकणाच्या टोपलीत एकटाच ठेवावयाचा, म्हणजे मादी निघाली तरी तिची अंडी अफलित राहतात, आणि पतंग मेल्यावर सर्व जाळून, कोनाड्यास चुना लावून, मगच पुढच्या बॅचचे अंडीपुंज घरात आणावयाचे.