रस्ता पाहून औषध

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वाकलेल्या म्हातारीला कोणी आजारी समजत नाही. पावसाळ्यात चिखलात उभं राहून रोवणी, मार्च-एप्रिलात पहाटे उठून मोहफुलं वेचणं, मे महिन्यात तेंदूपत्ता. सगळी कामं वाकूनच करायची. मग साठीनंतर पाठीला बाक आला, उंची दोन-चार बोटं कमी झाली, तर गावाला त्यात नवल वाटत नाही. ‘कमर गेली’ एवढं म्हटलं की विषय संपतो. माझ्या आईच्या बाबतीतही तो तसाच संपला असता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी ती अंगणात घसरून पडली, मनगट मोडलं, आणि प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी पाठीचाही एक्स-रे काढायला लावला. दोन मणके चेपलेले निघाले. ते कधी चेपले हे आईला सांगता येईना. पाठ तर तिची कायमच दुखत होती.

हाडं ठिसूळ झाली आहेत असं सांगून डॉक्टरांनी आठवड्याची गोळी लिहून दिली. अ‍ॅलेंड्रोनेट, सत्तर मिलिग्रॅम. ही गोळी घ्यायची रीत मोठी कडक आहे. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग निदान अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं, चहासुद्धा प्यायचा नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते. आई दोन घोट पाण्यावर ती गिळायची आणि भिंतीला टेकून पुन्हा जरा कलंडायची. गोळी देताना ही रीत तिला कोणी समजावून सांगितलीच नव्हती. ‘आग होते वं त्या गोळीनं,’ असं एक-दोनदा म्हणाली आणि पुढं काही न बोलता तिनं गोळी बंद केली. उरलेली पाकिटं मला तिखटाच्या डब्यामागं सापडली.

त्या पाकिटातला कागद मी त्या रात्री वाचून काढला. जबड्याचं हाड कुजणं, मांडीचं हाड आपोआप मोडणं, रक्तातलं कॅल्शियम उतरणं, मूत्रपिंडावर ताण. असं काही वाचलं की माणूस ठरवून टाकतो, नको ते औषध, बरी आहे ती पाठ. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते त्या कागदावर छापलेलं नसतं. ज्या बाईचा मणका नुकताच चेपला आहे, अशा पाचांपैकी जवळपास एकीचा आणखी एक मणका वर्षभराच्या आत चेपतो. आणि खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी खेड्यात कशी पडून राहते, ते मी माझ्या आजोळी पाहिलं आहे. त्यावर इथं अधिक लिहवत नाही.

आकडे मात्र समोर ठेवायला हवेत. २०२० साली कॅलिफोर्नियातल्या जवळपास दोन लाख बायकांच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा हजार गोऱ्या बायकांनी अ‍ॅलेंड्रोनेटच्या जातीची औषधं तीन वर्षं घेतली, तर खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि औषधामुळे मांडीची दोन होतात, असा त्याचा हिशेब होता. आशियाई वंशाच्या बायकांत ९१ टळतात आणि आठ होतात. पारडं दोन्हीकडे औषधाच्याच बाजूनं झुकतं, पण सारखं झुकत नाही. आता कॅलिफोर्नियातली आशियाई बाई म्हणजे काही रोवणी करणारी सिंदेवाहीची बाई नाही. तरी एवढं नक्की कळतं की कागदावरचा ‘क्वचित’ हा शब्द सगळ्यांना एकाच मापाचा नसतो. तो कोणाच्या अंगात, कोणत्या गावात उतरतो आहे, हे कोणीतरी बघावं लागतं.

ते बघणारे डॉक्टर आम्हाला नागपुरात भेटले. ते एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन आणि हाडांच्या घडणीचे तज्ज्ञ. चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर. मी डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा कागद पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि आईला म्हटलं, ‘मावशी, तोंड उघडा बरं.’ आई वर्षानुवर्षं दाताला नस, म्हणजे तंबाखूची पूड, लावत आली. आमच्या भागात पुरुष खर्रा घोटतात आणि बायका नस किंवा गुडाखू घासतात. आईच्या मागच्या दाढांचे नुसते खुंट उरलेले होते. ठिसूळ हाडांसाठी जेवढा डोस देतात, तेवढ्यानं जबडा कुजण्याचा धोका वर्षाकाठी दहा हजारांत एक ते लाखात एक इतका कमी असतो. पण औषध चालू असताना दात उपटावा लागला किंवा हिरड्या सडलेल्या असल्या, तर तो वाढतो. आधी दात काढा, जखम भरू द्या, मग औषधाचं बोलू, असं डॉक्टर म्हणाले.

दुसरा प्रश्न पाण्याचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते असू नये, अशी आपली मर्यादा आहे. फ्लोराईड हाडात साचलं की हाड दाट दिसतं. डेक्साचा आकडा छान येतो, आणि हाड आतून ठिसूळच असतं. हे वैद्यकशास्त्रानं मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. एके काळी सोडियम फ्लोराईड हेच ठिसूळ हाडांवरचं औषध म्हणून दिलं जायचं. १९९० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या चाचणीचे निकाल आले. चार वर्षांत कण्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, मणके चेपायचे मात्र फारसे कमी झाले नाहीत, आणि हातापायांची हाडं उलट जास्त मोडली. औषध म्हणून सोडून दिलेली ती गोष्ट आमच्या काही गावांत हापशातून रोज पोटात जाते, आणि त्या गावातल्या बाईला मोठ्या शहरात ‘तुमची घनता उत्तम आहे’ असं सांगितलं जाऊ शकतं. आमच्या हापशाच्या पाण्याची बाटली मी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिली. फ्लोराईड मर्यादेत निघालं.

मग सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चौकशी. चंद्रपूर-गडचिरोलीत कित्येक घरांत तो आहे. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि दुखणं हाडं ठिसूळ झाल्यासारखंच वाटतं. शिवाय मूत्रपिंडं कमजोर होतात, आणि ती कमजोर असली तर अ‍ॅलेंड्रोनेट आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड दोन्ही टाळावी लागतात. शेवटी त्यांनी विचारलं, कंबरेसाठी सुई कोणाकडून घेतली होती का? आईनं मान खाली घातली. गावोगाव मोटरसायकलवर फिरून ‘चटकन आराम’ देणाऱ्यांच्या सुईत अनेकदा स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइड हाडं पोखरतं. ड जीवनसत्त्व तपासलं तर फारच कमी. ते भरून न काढता जोरकस औषध दिलं असतं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं असतं. यातली बहुतेक विचारपूस गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. तोंडात बघायला, पाणी तपासायला, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन काढायला नागपूर लागत नाही.

नागपूर लागलं ते औषध निवडायला, आणि तिथं डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न मला आजवर कोणत्याच कागदावर दिसला नव्हता: ‘पावसाळ्यात तुमच्या गावचा रस्ता चालू असतो का?’ दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चांगलं आहे, मूत्रपिंड कमजोर असलं तरी देता येतं. पण ते लांबलं किंवा मध्येच थांबलं की झीज उसळी मारून परत येते आणि एकामागून एक मणके चेपू शकतात. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या बाईची तारीख ऑगस्टमध्ये आली तर काय? टेरिपॅराटाइड रोज टोचायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. वीज गेलेल्या घरात ते कसं टिकणार? झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड मात्र वर्षातून एकदा शिरेतून देतात, ते हाडात वर्षानुवर्षं टिकतं आणि महिना-दोन महिने उशीर झाला तर तेवढं बिघडत नाही. आईसाठी तेच ठरलं. अन्ननलिकेची आगही टळली. रस्ता पाहून औषध निवडणारा डॉक्टर मला खरा तज्ज्ञ वाटतो.

सलाईन लागल्यावर रात्री तिला सणसणून ताप आला. पहिल्या वेळी सुमारे तिघींपैकी एकीला ताप, अंगदुखी असा त्रास होतोच आणि तो बहुधा तीन दिवसांत उतरतो, हे आम्हाला आधी सांगितलेलं होतं. तरी आमच्या जंगलपट्टीत तापाला हिवताप समजूनच चालावं लागतं. आशाताईंनी रक्ताचा थेंब घेऊन तपासलं. हिवताप निघाला नाही. ताप ओसरला आणि आई परत कोंबड्यांच्या मागं लागली.

तज्ज्ञासाठी दर वेळी नागपूरच गाठावं लागतं असं नाही. गडचिरोलीतल्या चातगावजवळच्या शोधग्रामात मुंबईचे मणक्याचे सर्जन येऊन शस्त्रक्रिया करतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या आपल्या संस्थेच्या माध्यमातून जोडलेलं हे नातं आमच्या भागासाठी फार मोलाचं आहे. तज्ज्ञ रुग्णाकडे येऊ शकतो, हे त्यातून दिसलं. हाडांच्या औषधाचं मात्र एका शिबिरात भागत नाही. औषध सुरू करणं, काही औषधं तीन किंवा पाच वर्षांनी थांबवून पाहणं, पुन्हा सुरू करणं, यासाठी वर्षानुवर्षं ओळखीचा माणूस हवा. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला २०१८ पासून एम्स आहे, आणि ई-संजीवनीवरून उपकेंद्रातल्या बाईला डॉक्टरांशी बोलता येतं. महिन्यातून एक दिवस फक्त हाडांच्या रुग्णांसाठी ठेवून या तिन्ही जागा जोडल्या, तर सिरोंच्याच्या म्हातारीची नागपूरची एक बाळंतपणाएवढी अवघड खेप वाचेल. ही मागणी जिल्हा परिषदेकडे आपणच करायला हवी.

तोवर, तुमच्या घरी कोणाला ही औषधं चालू असतील तर पाकिटं डब्यामागं जाऊ देऊ नका. त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगा; बदलायला दुसरं औषध असतं. डेनोसुमॅबची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा. आणि औषध घेणाऱ्याला मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं सुरू झालं, तर रोवणी संपायची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात एक्स-रे काढून घ्या.