काळोखाचं मोल

टीव्हीच्या दुकानात काळोख नसतो. छताला पांढरे दिवे, भिंतभर संच आणि सगळ्यांवर एकच फिल्म: फुलं, पोपट, फळांच्या राशी, वरून टिपलेलं एखादं शहर. त्यात काळा रंग औषधालाही सापडत नाही आणि कॅमेरा इतका सावकाश सरकतो की हालचालीची परीक्षाच होत नाही. शिवाय संच शोरूम मोडवर, म्हणजे उजेड आणि रंग टिपेला नेलेले. सिनेमा मनापासून बघणाऱ्याने दोन गोष्टी पारखायच्या असतात: काळा किती काळा आणि हालचाल किती खरी. त्या आपण होऊन मागून बघाव्या लागतात.

०

“साहेब, यात एमईएमसी आहे,” असं विक्रेता हमखास सांगतो. ही सोय काय करते ते समजून घ्यावं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सनी चित्रित होतो. टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. संचातला प्रोसेसर लागोपाठच्या दोन फ्रेम्स ताडून बघतो, कोणती वस्तू कुठून कुठे सरकली याचा अंदाज बांधतो आणि मधली फ्रेम स्वतः तयार करतो. सोनी याला मोशनफ्लो म्हणते, एलजी ट्रूमोशन. सॅमसंगचं पूर्वी ऑटो मोशन प्लस होतं, आता पिक्चर क्लॅरिटी आहे. नावं निराळी, काम तेच.

०

ही सोय पूर्ण चालू ठेवून सिनेमा लावला की तो रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. बोलपट आले तेव्हा, १९२०च्या दशकाच्या अखेरीला, २४ फ्रेम्सचा वेग स्थिरावला. प्रत्येक फ्रेममध्ये साधारण १/४८ सेकंदाची हालचाल किंचित पुसट होऊन उतरते. या पुसटपणाची आपल्या डोळ्यांना पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. तो काढून टाकला की सेट सेटसारखा दिसतो आणि चेहऱ्यावरचा मेकअप आधी नजरेत भरतो. जवळ जाऊन बघितलं तर आणखी एक दिसतं. माणूस खिडकीच्या गजांसमोरून चालत जातो, तेव्हा त्याच्या खांद्याच्या कडेला गज क्षणभर विरघळतात आणि पुन्हा जुळतात. तिथे प्रोसेसरचा अंदाज चुकलेला असतो.

०

डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी एक छोटा व्हिडिओ काढून प्रेक्षकांना विनंती केली, की घरी सिनेमा बघताना ही सोय बंद करा. २०१९मध्ये यूएचडी अलायन्स या उद्योगसंघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. मार्टिन स्कॉर्सेसी आणि ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारखे दिग्दर्शक त्याच्या पाठीशी उभे राहिले. या मोडमध्ये बनावट फ्रेम्स बंद होतात, चित्राचं मूळ प्रमाण राहतं आणि पांढऱ्याची छटा स्टुडिओतल्या मानकाप्रमाणे येते. इतक्या मोठ्या माणसांना यासाठी बोलावं लागलं, कारण बहुतेक संच कारखान्यातूनच ही सोय चालू करून येतात आणि घरात तिला कुणी हात लावत नाही.

०

आता काळा. एलसीडी पडद्याच्या मागे दिवे कायम जळत असतात आणि पुढचे पिक्सेल तो उजेड अडवतात. बंद दाराच्या फटीतून यावा तसा थोडा उजेड तरीही झिरपतोच. एलसीडीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी आयपीएस पॅनेलचं कॉन्ट्रास्ट प्रमाण (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) साधारण १०००:१ असतं, व्हीए पॅनेलचं ३००० ते ५०००:१. म्हणजे पांढरा २०० निट्सचा (निट हे उजेडाचं एकक) असेल तेव्हा आयपीएसचा काळा ०.२ निटवर थांबतो आणि व्हीएचा ०.०५च्या आसपास जातो. खोलीतले दिवे मालवले की हा फरक कुणालाही दिसतो. ओलेडमध्ये मागचा दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळ्यासाठी पूर्ण विझतो. क्यूएलईडी हे नाव ऐकायला ओलेडच्या जवळचं असलं तरी दुकानात या नावाने मिळतो तो मागे दिवे असलेला एलसीडीच. हे विचारून घ्यावं.

०

गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा उजेडाचा झोत छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून सूर्यप्रकाश वळवून मिळवला होता. त्या झोताची ताकद भोवतालच्या अंधारात आहे. हा चित्रपट आयपीएस पॅनेलवर रात्री लावून बघा. रुंद फ्रेममुळे वर-खाली उरणाऱ्या पट्ट्या राखाडी दिसतात, स्टुडिओचे कोपरे राखाडी दिसतात आणि झोत फिका पडतो. चांगल्या काळ्यावर त्या पट्ट्या खोलीच्या अंधारात मिसळून जातात आणि झोत धारदार उभा राहतो. मूर्तींनी कशासाठी मेहनत घेतली ते तेव्हा समजतं.

०

माझी दुकानातली कसोटी ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा २०१८चा चित्रपट, छायाचित्रण पंकज कुमार यांचं. कोकणातला पाऊस, वाड्यातला मिणमिणता उजेड, हातात कंदील. दुकानातल्या संचाला बहुधा इंटरनेट असतं. यूट्यूबवर ट्रेलर लावायला सांगावा, चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणावं आणि जवळचे दिवे मिनिटभर बंद करायची विनंती करावी. मग तीन गोष्टी बघाव्यात. कंदिलाभोवती धुरकट वलय येतं का? येत असेल तर लोकल डिमिंगचे झोन, म्हणजे मागच्या दिव्यांचे स्वतंत्रपणे मंद होणारे भाग, कमी आहेत. अंधारातल्या भिंतीचा पोत दिसतो, की नुसता काळा डाग? आणि माणूस अंधारात हलला की त्याच्यामागे काळी शेपूट राहते का? व्हीए पॅनेलचे पिक्सेल गडद छटांमध्ये रंग बदलायला वेळ घेतात, त्याची ही खूण.

०

काळा आणि हालचाल यांचं भांडण खरं रंगतं ते ओलेडवर. त्याचे पिक्सेल जवळजवळ क्षणात बदलतात. एलसीडीच्या संथपणामुळे दोन फ्रेम्समधली उडी थोडी पुसली जाते. ओलेडवर ती उघडी पडते. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. एखादी वस्तू ७ सेकंदांत या टोकाहून त्या टोकाला गेली तर २४ फ्रेम्सच्या हिशेबाने ती दर फ्रेमला ७ मिलिमीटर उडी मारते. चित्रीकरणात हा ७ सेकंदांचा जुना आडाखा आहे. कॅमेरा त्याहून वेगाने फिरला की चित्र अडखळताना दिसतं. म्हणून ओलेड घेणाऱ्याने एलजीच्या ट्रूमोशनमध्ये ‘डी-जडर’ (अडखळणं कमी करणारा पर्याय) १० पैकी २-३वर ठेवलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. अडखळणं सौम्य होतं आणि सिनेमा सिनेमाच राहतो.

०

अडखळण्याचं प्रत्येक कारण एमईएमसीने दूर करायचं नसतं. २४ फ्रेम्स ६० हर्ट्झवर बसवताना एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते, आणि या लंगड्या ठेक्यानेही चित्र अडखळतं. १२० हर्ट्झच्या पॅनेलवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा येते. बाहेरचा स्ट्रीमिंग बॉक्स जोडला असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये फ्रेम रेट मूळ चित्राशी जुळवण्याचा पर्याय शोधावा. आणि खोक्यावरचा ‘मोशन रेट २४०’ सारखा आकडा बाजूला ठेवून पॅनेल मुळात किती हर्ट्झचं आहे तेवढंच विचारावं.

०

क्रिकेटसाठी एमईएमसी हवंच, असं म्हणतात. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचं असतं. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू दोन चित्रांच्या मध्ये सुमारे ७८ सेंटिमीटर पुढे जातो. एवढ्या झेपेत चेंडू नेमका कुठे होता हे ठरवताना प्रोसेसर गोंधळतो आणि चेंडू मधेच नाहीसा होतो किंवा त्याला दुहेरी कड येते. सामन्याला मुळातली ५० चित्रं पुरतात.

०

काळ्यासाठी पैसे मोजण्याआधी खोली बघावी. समोर खिडकी असेल आणि टीव्ही मुख्यतः दुपारी चालत असेल, तर पडद्यावर खिडकीच उमटते आणि ओलेडचा काळा वाया जातो. तिथे जास्त उजेडाचा मिनी-एलईडी, म्हणजे मागे बारीक दिवे असलेला एलसीडी, बरा. दिवसभर बातम्यांची वाहिनी लावणाऱ्या घरानेही ओलेड टाळावा, कारण खालची स्थिर पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो काही वर्षांत पडद्यावर कायमचा उमटू शकतो. घरची मंडळी कडेच्या दिवाणावर बसून बघणार असतील तर व्हीएचा काळा तिरपा बघताना फिकटतो, हेही ध्यानात ठेवावं.

०

माझा कौल सरळ आहे. हालचाल गुळगुळीत करणं ही मेनूतली सोय आहे. ती आज लावता येते, उद्या काढता येते. काळा पॅनेलमध्ये असतो आणि संच घरी आल्यावर तो बदलत नाही. रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याने आकार एक पायरी कमी करावा, पण पैसे पॅनेलवर घालावेत. जमत असेल तर ओलेड, नाहीतर भरपूर झोनचा व्हीए.

आणि नवा संच कुणाच्याही घरी येवो, आपल्या, आईवडिलांच्या की शेजाऱ्यांच्या, पहिल्याच दिवशी रिमोट घेऊन चित्राच्या सेटिंग्जमध्ये जा, ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड लावा आणि गतीची सोय बंद आहे ना ते तपासा. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.