नख

औंढ्याची शिवरात्रीची यात्रा उरकली, की आमच्या शिरड शहापुरात हळदीचे दिवस जोरात असतात. नोकरीमुळे मी पुण्यात राहतो, पण त्या दिवसांत रजा काढून गावी येतो. यंदा सोबत गिटार आणली होती. परतल्यावर एका मित्राच्या घरी वीस-पंचवीस जणांपुढं बाखचा एक बुरे वाजवायचा होता. चार वर्षं शिकतोय, पण लोकांसमोर बसायची ही पहिलीच वेळ.

आबांनी गिटारकडं पाहिलं नाही, माझ्या उजव्या हाताकडं पाहिलं. "काहून रं वाढवलीत नखं?"

क्लासिकल गिटार बहुतेक जण नखांनी वाजवतात, तारेला आधी बोटाचं टोक लागतं आणि मग नख, त्यातून तो स्वच्छ, ठसठशीत आवाज येतो, असं मी सांगितलं. "मग हळदीला हात लावू नको," ते म्हणाले. पण माणसं कमी होती. मी हात लावला. तिसऱ्या दिवशी गड्ड्यापासून हळकुंड मोडताना मधल्या बोटाचं नख पार मांसापर्यंत तुटलं.

नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं. माझ्या हातात दोन आठवडे होते. गिटारवाल्यांचा एक उपाय असतो : टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून नखावर चिकटवायचा. वसमतहून चेंडू आणला, तुकडा चिकटवला. दुसऱ्याच दिवशी तो हळदीच्या ढिगात हरवला. सतराव्या शतकातला नावाजलेला गिटारवादक फ्रान्चेस्को कोर्बेत्ता नख तुटल्यामुळं एका दरबारी समारंभात वाजवू शकला नाही, अशी हकिकत सांगतात. ती आठवून जरा बरं वाटलं. मग उरलेली नखंही कापून टाकली.

हा बुरे बाखच्या ई मायनर सूटमधला, बीडब्ल्यूव्ही ९९६. त्याला सर्रास ल्यूटचं संगीत म्हणतात, पण एका जुन्या हस्तलिखितावर 'लाउटनवेर्क' लिहिलेलं आहे, म्हणजे आतड्याच्या तारा लावलेलं, पट्ट्या दाबून वाजवायचं वाद्य. गिटारसाठी तो लिहिलेलाच नाही. बाखच्या काळातल्या गिटारला तारांच्या पाच जोड्या असत. आजच्या नायलॉनच्या तारा दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या. कागदावर सूर आहेत आणि त्यांची लांबी आहे. किती जलद, कुठं मोठ्यानं, कुठं हळू, हे वाजवणाऱ्यानं ठरवायचं. मी ते कधी ठरवलंच नव्हतं. वर्षभर मेट्रोनोम लावून फक्त वेग वाढवत गेलो होतो.

त्या रात्री ओसरीवर बसलो. अंगणात हळद शिजत होती. नुसत्या बोटांनी आवाज दबका निघाला. वरची धून मंद झाली आणि अंगठ्याचा खालचा आवाज तिच्या बरोबरीला आला. या बुरेमध्ये मुळात दोनच आवाज आहेत. खालच्याला मी आजवर साथ समजत होतो. वरची धून दोन छोटे सूर आणि एक मोठा अशी पावलं टाकते. खालचा आवाज एकेक ठाम पाऊल टाकत स्वतःच्या वाटेनं जातो. त्याचा प्रत्येक सूर पुढचा येईपर्यंत धरायचा, तर डावं बोट लवकर उचलून चालत नाही. माझी सगळी घाई तिथं उघडी पडली. शिवाय बुरे हा नाच आहे. पहिले दोन छोटे सूर म्हणजे उचललेलं पाऊल. ते टेकतं तिसऱ्यावर. मी पहिल्यावरच जोर देत होतो.

दोन्ही भाग दोनदा वाजवायचे असतात. बरोक काळातले वादक दुसऱ्या वेळी आपल्या मनानं अलंकार घालत. मी मात्र अडायचो : बाखच्या सुरांत भर घालणारा मी कोण? आबा भजनात गातात. तेच चरण दुसऱ्यांदा घेताना ते शब्द हलवत नाहीत. एखाद्या जागी थांबून लहानशी हरकत घेतात, तीही रोज नाही. मीही दुसऱ्या वेळी एकच ट्रिल घातली, पहिला भाग संपता संपता, त्या काळच्या रीतीप्रमाणं वरच्या सुरापासून सुरू होणारी.

हळद शिजली का, हे काडी टोचून बघायला आबा उठले. जाताना म्हणाले, "कालच्यापेक्षा हळू वाजतंय." ही तक्रार होती की पसंती, कळलं नाही. मी विचारलं नाही.

पुण्यात मी नखांशिवायच वाजवलं. मागं बसलेल्यांना नीट ऐकू आलं नाही, एकानं तसं सांगितलंही. दुसऱ्या भागात एकदा अडखळलो. ट्रिल मात्र जमली.

आता नखं पुन्हा वाढलीत, आवाजही परत आलाय. सरावाला बसलो, की पहिली दहा मिनिटं वरच्या धुनेला हात लावत नाही. फक्त अंगठा आणि खालचा आवाज, प्रत्येक सूर पुढचा येईपर्यंत धरून.